आफ्रिकेतील लोकसमूहांचे जनुकीय वैविध्य आणि त्यांचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानवाचा उगम आफ्रिकेत झाला आणि तेथून तो जगभर पसरला, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. मात्र जे आफ्रिकेतच राहिले त्यांचे पुढे काय झाले, हे पाठ्यपुस्तकांतून सहसा येत नाही. मानवाच्या एकूण इतिहासाचा मोठा भाग त्याच खंडात घडला असल्याने ही उणीव लहान म्हणता येणार नाही. पुढील प्रश्नोत्तरे मुख्यतः त्या राहिलेल्या माणसांविषयी आहेत.

आफ्रिकेत जनुकीय वैविध्य सर्वाधिक आहे, याचा नेमका अर्थ काय?

मानवी जीनोममध्ये, म्हणजे पेशीतील संपूर्ण डीएनएमध्ये, सुमारे ३ अब्ज रासायनिक अक्षरे असतात आणि कोणत्याही दोन माणसांत त्यांपैकी साधारणपणे हजारात एक अक्षर वेगळे असते. एखाद्या समूहातील कोणत्याही दोन व्यक्ती घेतल्या असता त्यांच्यात किती ठिकाणी फरक सापडतो, यावरून त्या समूहाचे वैविध्य ठरते. २०१५ साली पूर्ण झालेल्या 'एक हजार जीनोम' प्रकल्पात जगातील २६ लोकसमूहांतील २,५०४ व्यक्तींचे जीनोम तपासले गेले. प्रमाण मानलेल्या जीनोमशी ताडून पाहता प्रत्येक व्यक्तीत ४१ लाख ते ५० लाख ठिकाणी फरक आढळला आणि त्यांत सर्वाधिक फरक असणाऱ्या व्यक्ती आफ्रिकी वंशाच्या होत्या.

याहून बोलके उदाहरण कालाहारीतील सान समाजाचे आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, या एकाच वाळवंटी प्रदेशात राहणाऱ्या दोन सान व्यक्तींमध्ये सरासरीने जितके फरक आहेत, तितके एक युरोपीय आणि एक आशियाई व्यक्ती यांच्यातही नाहीत. दिसायला सारखी, शेजारच्या वस्त्यांतील वाटणारी दोन माणसे जनुकीयदृष्ट्या लंडन आणि बीजिंग येथील माणसांपेक्षा एकमेकांपासून दूर असू शकतात.

असे का घडले?

एखाद्या शेतकऱ्याच्या कणगीत अनेक पिढ्यांपासून जपलेले, बऱ्याच वाणांचे मिश्र बियाणे आहे असे समजा. त्याचा मुलगा दूरच्या गावी जाताना त्यातले ओंजळभर घेऊन गेला, तर काही वाण त्या ओंजळीत येतील आणि काही मागेच राहतील. त्या मुलाच्या मुलाने आणखी पुढे जाताना आपल्या पिकातून पुन्हा ओंजळभरच नेले, तर वाण आणखी कमी होतील. सुमारे ६०,००० वर्षांपूर्वी आफ्रिकेबाहेर पडलेल्या आणि पुढे टिकून राहिलेल्या गटाच्या बाबतीत असेच घडले. ज्यांचा वारसा आजच्या सर्व आफ्रिकेतर लोकांपर्यंत पोहोचला, त्या पूर्वजांची प्रजननक्षम संख्या काही हजारांतच मोजावी लागते. पूर्व आफ्रिकेपासून जमिनीच्या मार्गाने जितके दूर जावे, तितके लोकसमूहांतील वैविध्य क्रमाने घटत जाते, हे २००५ साली संशोधकांनी आकडेवारीनिशी दाखवले. दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवाशांमध्ये ते सर्वांत कमी भरते.

मात्र बाहेर पडलेल्यांचे वैविध्य घटले, एवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही. आफ्रिकेत माणसे दीर्घकाळ मोठ्या संख्येने टिकून होती. तेथील वर्षावने, वाळवंटे आणि गवताळ प्रदेश यांमुळे समूह हजारो वर्षे एकमेकांपासून दुरावत आणि पुन्हा मिसळत राहिले. कणगी नुसती भरलेली राहिली असे नव्हे, तर तिच्यात नवे वाणही पडत राहिले.

'मायटोकॉन्ड्रियल ईव्ह' म्हणजे जगातील पहिली स्त्री का?

नाही. १९८७ साली रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी १४७ व्यक्तींच्या मायटोकॉन्ड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातील) डीएनएची तुलना करून त्यांची वंशावळ मांडली. हा डीएनए केवळ आईकडून येतो. त्या वंशावळीचे मूळ आफ्रिकेत, सुमारे २ लाख वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीपाशी पोहोचले. त्या काळी तिच्याबरोबर हजारो स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी अनेकींचा वारसाही आजच्या माणसांत आहे. फक्त तो अखंड मातृपरंपरेने आलेला नाही. आपल्याकडची आडनावे आठवल्यास हे लगेच उमगते. ज्या घराण्यात एखाद्या पिढीत मुलीच झाल्या, त्याचे आडनाव तेथे थांबते. पण त्या घराण्याचे रक्त नातवंडांच्या रूपाने पुढे चालूच राहते.

मातृपरंपरेच्या या वृक्षावर सर्वांत जुन्या फांद्यांना एल-०, एल-१, एल-२ अशी नावे आहेत आणि त्या प्रामुख्याने आफ्रिकेतच आढळतात. एल-३ या फांदीपासून एम आणि एन या दोन शाखा फुटल्या. आफ्रिकेबाहेरील मूळच्या सर्व लोकांच्या मातृपरंपरा याच दोहोंत सामावतात. भारतीयांमध्ये एम सर्वाधिक आढळते. पितृपरंपरेने जाणाऱ्या वाय गुणसूत्राची कथाही अशीच आहे. २०१३ साली अमेरिकेतील एका आफ्रिकी-अमेरिकी पुरुषाच्या नमुन्यात वाय गुणसूत्राची तोवर अज्ञात असलेली, सर्वांत आधी विलग झालेली शाखा सापडली. तिला ए-०० असे नाव देण्यात आले आणि शोध घेता तिचे धागेदोरे पश्चिम कॅमेरूनमधील म्बो लोकांपर्यंत पोहोचले. या शाखेचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

मग मानवाचा उगम आफ्रिकेत नेमका कोठे झाला?

एखादे गाव, एखादे खोरे दाखवता येईल अशी अपेक्षा सोडून द्यावी, असे माझे मत आहे. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील अवशेष सुमारे ३,१५,००० वर्षांपूर्वीचे आहेत. इथिओपियातील ओमो किबिश येथील अवशेष किमान २,३३,००० वर्षांपूर्वीचे असल्याचे २०२२ साली नव्याने ठरले. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील बॅलिटो बे येथे सापडलेल्या, सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या एका मुलाच्या जीनोमवरून संशोधकांनी २०१७ साली असा अंदाज केला की, सान लोकांच्या पूर्वजांची आणि इतर मानवांच्या पूर्वजांची ताटातूट साडेतीन लाख ते २,६०,००० वर्षांपूर्वी सुरू झाली असावी. म्हणजे वायव्य, पूर्व आणि दक्षिण अशी खंडाची तिन्ही टोके या कथेत आहेत.

२०२३ साली दक्षिण आफ्रिकेच्या बाजूच्या नामा समाजातील ४४ व्यक्तींच्या जीनोमांचा आधार घेऊन मांडलेल्या प्रारूपात याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न झाला. लाखो वर्षे आफ्रिकेत परस्परांपासून किंचित वेगळे असे किमान दोन समूह होते, त्यांच्यात सोयरीक कधी थांबली नाही आणि आजची सर्व माणसे त्या देवाणघेवाणीतून आली, असे हे प्रारूप सांगते. एका उगमस्थानाच्या कल्पनेपेक्षा ही मांडणी मला उपलब्ध पुराव्यांशी अधिक जुळणारी वाटते.

आफ्रिकी लोकांना एक 'वंश' मानता येईल का?

जनुकीय पुराव्याच्या आधारे मानता येत नाही. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली दाखवून दिले की, मानवी जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडतात. साऱ्या आफ्रिकी लोकांना एका गटात आणि इतरांना दुसऱ्या गटात घालायचे म्हटले, तर अडचण आणखी वाढते. कारण उर्वरित जग हे आफ्रिकेतील वैविध्याचीच एक फांदी आहे. जनुकीय वंशावळीत काही पूर्व आफ्रिकी समूह सान लोकांपेक्षा आपल्याला अधिक जवळचे ठरतात.

त्वचेच्या रंगावरून एकसारखेपणा गृहीत धरणे तर अगदीच चुकीचे आहे. दक्षिण सुदानमधील डिंका लोक जगातील सर्वांत गडद वर्णाच्या आणि उंच लोकांत मोडतात; सान लोकांचा वर्ण गव्हाळ असतो; काँगोच्या जंगलातील म्बुती आणि कॅमेरूनच्या बाजूचे बाका लोक उंचीने फार कमी असतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेतील वर्णविषयक अभ्यासाने असे दाखवले की, त्वचा उजळ करणारी आणि गडद करणारी अशी दोन्ही प्रकारची जनुकीय रूपे आफ्रिकेत लाखो वर्षांपासून नांदत आहेत. एसएलसी-२४-ए-५ या जनुकाचे उजळपणा देणारे रूप, जे भारतातही मोठ्या प्रमाणात आढळते, ते मात्र काही हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियाच्या बाजूने पूर्व आफ्रिकेत गेले.

वंशाच्या अशा कल्पना निरुपद्रवी राहत नाहीत. वसाहतकाळात युरोपीय अभ्यासकांनी तुत्सी लोकांना बाहेरून आलेला श्रेष्ठ 'हामिटिक' वंश ठरवले आणि रुवांडातील बेल्जियन प्रशासनाने १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू किंवा तुत्सी अशी नोंद सक्तीची केली. १९९४ च्या नरसंहारात रस्त्यावरच्या नाक्यांवर हीच नोंद पाहून माणसे मारली गेली.

आफ्रिकेत सुमारे २,००० भाषा बोलल्या जातात. भाषा आणि जनुके यांचा मेळ बसतो का?

बराच बसतो, पण सर्वत्र नाही. सेरा टिशकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली आफ्रिकेतील १२१ लोकसमूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वंशपरंपरेचे १४ मुख्य गट दिसले आणि ते बहुतांशी भाषा, संस्कृती व भूगोल यांच्याशी जुळणारे होते.

जेथे मेळ बसत नाही, त्या जागा इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाच्या असतात. काँगो खोऱ्यातील बाका, अका, म्बुती इत्यादी वनवासी समाजांची जनुकीय परंपरा वेगळी आणि प्राचीन आहे, परंतु त्यांच्या भाषा आज शेजारच्या शेतकरी समाजांच्या भाषाकुळांतील आहेत. आपली जुनी भाषा त्यांनी केव्हातरी सोडली.

दक्षिणेकडे उलट दिशेचा पुरावा मिळतो. हळहळ व्यक्त करताना आपण दातांमागे जीभ टेकवून 'च्च च्च' असा आवाज काढतो आणि बैल हाकताना जिभेची कड दाढांपासून ओढून 'ट्क ट्क' करतो. आपल्याकडे हे आवाज शब्दांत येत नाहीत. सान आणि त्यांचे पशुपालक शेजारी खोएखोए यांच्या भाषांत मात्र अशा ध्वनींना व्यंजनांचे स्थान आहे. खोसा आणि झुलू या आफ्रिकेच्या दक्षिणार्धात पसरलेल्या बांटू कुळातील भाषा आहेत, तरीही हे ध्वनी त्यांच्यात आहेत. किंबहुना 'खोसा' या नावाचा आरंभच मूळ उच्चारात बैल हाकण्याच्या त्या आवाजाने होतो. हे ध्वनी घरात कसे आले असावेत, याचे उत्तर जनुकांत आहे. खोसा आणि झुलू भाषकांमध्ये सान व खोएखोए लोकांच्या मातृपरंपरा मोठ्या प्रमाणात आढळतात, म्हणजेच त्या समाजांतील स्त्रिया सुना होऊन या घरांत आल्या. सुनेने सासऱ्याचे नाव आणि त्या नावाशी मिळतीजुळती अक्षरेही उच्चारू नयेत, अशी 'ह्लोनिफा' नावाची चाल तेथे आहे. अशा वेळी पर्यायी शब्द शोधताना माहेरच्या भाषेतील ध्वनी वापरले गेले असावेत, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. पतीचे नाव न घेण्याची रीत पाहिलेल्या मराठी वाचकाला हे समजणे अवघड जाऊ नये. आर्चबिशप डेझमंड टूटू यांचा जीनोम २०१० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांची मातृपरंपरा सान लोकांत प्रामुख्याने आढळणाऱ्या एल-०-डी शाखेची निघाली.

बांटू भाषकांचे स्थलांतर म्हणजे काय, आणि ते इतके महत्त्वाचे का मानले जाते?

आफ्रिकेच्या दक्षिणार्धात आज ३० कोटींहून अधिक लोक बांटू कुळातील सुमारे ५०० भाषा बोलतात. कॅमेरूनपासून केनियापर्यंत आणि तेथून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या या भाषा एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की, त्यांचा विस्तार अलीकडचा असणार हे भाषा-अभ्यासकांनी फार पूर्वीच ओळखले होते. 'बांटू' हे नाव विल्हेल्म ब्लीक या भाषा-अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात रूढ केले. 'न्टू' म्हणजे माणूस आणि 'बा' हा अनेकवचनाचा प्रत्यय. नायजेरिया आणि कॅमेरून यांच्या सीमेवरील उंच गवताळ प्रदेशातून सुमारे ४,००० ते ५,००० वर्षांपूर्वी हे लोक निघाले आणि इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आजच्या क्वाझुलू-नाताळपर्यंत पोहोचले. सुरुवातीला त्यांच्याजवळ कंद आणि तेल-ताड यांची लागवड होती. लोखंड वाटेत, पुष्कळ नंतर आले.

भाषा पसरली, पण माणसेही गेली का, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित होता. जनुकीय पुराव्याने तो निकालात काढला: माणसेच गेली. आज दूरदूरच्या बांटू भाषकांमध्ये पश्चिम आफ्रिकेशी असलेले नाते स्पष्ट दिसते. वाटेत भेटलेल्या लोकांशी मात्र सर्वत्र सारखा व्यवहार झाला नाही. मलावीत हजारो वर्षे राहिलेल्या शिकारी-संग्राहक समाजाचे प्राचीन डीएनए २०१७ साली वाचले गेले, तेव्हा आजच्या मलावीवासीयांत त्या समाजाचा जवळपास मागमूसही उरलेला नसल्याचे आढळले. दक्षिणेकडे मात्र, वर पाहिल्याप्रमाणे, भरपूर मिश्रण झाले. मलावीतील समाजाचे नेमके काय झाले, ते हटले, संपले की हळूहळू बुडाले, याचे उत्तर डीएनए देऊ शकत नाही, आणि त्या उत्तराच्या जागी स्वतःची कल्पना भरण्याचा मोह टाळायला हवा.

या संदर्भात कॅमेरूनमधील शुम लाका या शैलाश्रयाची हकीकत मला सर्वांत लक्षणीय वाटते. हे ठिकाण बांटू भाषांचे माहेर मानल्या गेलेल्या प्रदेशातच आहे. तेथे पुरलेल्या चार मुलांचे डीएनए २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी दोन सुमारे ८,००० वर्षांपूर्वीची आणि दोन सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची होती. ही मुले बांटू भाषकांच्या पूर्वजांची निघतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांचे नाते मध्य आफ्रिकेतील वनवासी समाजांशी अधिक जवळचे निघाले, आणि मध्ये ५,००० वर्षांचे अंतर असूनही चारही मुले एकाच परंपरेतील होती. त्यांपैकी एका मुलाचे वाय गुणसूत्र ए-०० शाखेचे होते. अमेरिकेतील एका नमुन्यापासून सुरू झालेला तो धागा अशा रीतीने ८,००० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यापर्यंत जाऊन भिडला. बांटू भाषांची सुरुवात करणारे लोक त्याच टापूत, पण या मुलांच्या समाजाहून वेगळे असे राहत असले पाहिजेत.

प्रौढपणी दूध पचण्याचा आफ्रिकेच्या इतिहासाशी काय संबंध आहे?

दुधातील साखर पचविणारे लॅक्टेज हे विकर जगातील बहुसंख्य माणसांत लहानपणानंतर कमी होते. ज्या समाजांत ते मोठेपणीही टिकते, तेथे त्यामागे जनुकीय बदल असतो. युरोपात आणि भारतात यासाठी मुख्यतः एकच बदल कारणीभूत आहे. केनिया आणि टांझानियातील पशुपालकांमध्ये मात्र २००७ साली त्याहून वेगळे बदल सापडले, आणि त्यांपैकी सर्वाधिक आढळणारा बदल अवघ्या ३,००० ते ७,००० वर्षांपूर्वीचा निघाला. गुरे पाळणाऱ्या समाजात दूध पचवू शकणारी मुले अधिक संख्येने जगली आणि निसर्गाने एकच उपाय दोन ठिकाणी स्वतंत्रपणे निवडला. हाच पूर्व आफ्रिकी बदल पुढे दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला, मेंढपाळ नामा लोकांमध्येही आढळला. त्यावरून सुमारे २,००० वर्षांपूर्वी पूर्वेकडील काही पशुपालक आपल्या कळपांसह तेथवर गेले, हे कळते.

उत्तर आफ्रिकेतील लोक आणि सहाराच्या दक्षिणेकडील लोक पूर्णपणे वेगळे आहेत का?

सहारा नेहमीच वाळवंट नव्हते. सुमारे १४,५०० ते ५,००० वर्षांपूर्वी तेथे तळी, गवताळ माळ आणि गुराखी होते. मोरोक्कोतील ताफोराल्त गुहेतील १५,००० वर्षांपूर्वीच्या माणसांत पश्चिम आशियाशी आणि सहाराच्या दक्षिणेशी, असे दोन्हीकडचे नाते सापडते. त्याउलट लिबियातील ताकारकोरी येथे पुरलेल्या ७,००० वर्षांपूर्वीच्या दोन स्त्रियांमध्ये उत्तर आफ्रिकेचीच एक प्राचीन, बराच काळ अलग राहिलेली परंपरा दिसली.

बाहेरून आफ्रिकेत परतणारी माणसेही होती. निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवाचा अंश केवळ आफ्रिकेतर लोकांत असतो, असे पूर्वी मानले जाई. २०२० साली आफ्रिकी लोकांतही तो सुमारे ०.३ टक्के असल्याचे दिसून आले आणि तो बहुतांशी अशा परतलेल्यांमार्फत आला.

आफ्रिकेतील प्राचीन डीएनए इतके उशिरा का मिळाले?

डीएनएचा मोठा शत्रू उष्णता आहे. सायबेरियाच्या गोठलेल्या मातीत जे हजारो वर्षे टिकते, ते उष्ण आणि दमट जमिनीत झपाट्याने तुटते. यावर उपाय सापडला तो कवटीतील आतल्या कानाभोवतीच्या हाडात. शरीरातील सर्वांत घट्ट असलेल्या या हाडाच्या गाभ्यातील चिमूटभर भुकटीतून, बाकी सांगाड्यात काहीच उरले नसतानाही, पुष्कळदा डीएनए मिळते. ती भुकटी काढताना संशोधक नखशिखान्त झाकलेले असतात, कारण त्यांच्या श्वासातील डीएनए त्या नमुन्यातील डीएनएपेक्षा अधिक भरू शकते.

आफ्रिकेतील पहिला प्राचीन जीनोम इथिओपियाच्या थंड डोंगराळ भागातील मोटा गुहेतून मिळाला. ४,५०० वर्षांपूर्वीच्या त्या पुरुषाचा जीनोम २०१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा पश्चिम आशियातून आलेल्या लोकांचा वारसा साऱ्या आफ्रिकाभर पसरला असल्याचा निष्कर्ष त्याबरोबर जाहीर झाला आणि जगभर त्याच्या बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी लेखकांनी संगणकीय प्रक्रियेतील एक चूक स्वतःहून मान्य केली. तो वारसा पूर्व आफ्रिकेत आहे, खंडभर नाही. चूक कबूल करणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो, परंतु मूळ बातमी वाचलेल्या अनेकांपर्यंत दुरुस्ती पोहोचलेली नाही, म्हणून तिची येथे मुद्दाम नोंद केली आहे.

हिंदी महासागराचा या इतिहासात काय वाटा आहे?

मादागास्करचे रहिवासी हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. आफ्रिकेजवळच्या या बेटावरील मलागासी भाषेची सर्वांत जवळची बहीण बोर्निओत बोलली जाते आणि तेथील लोकांचा जनुकीय वारसा आग्नेय आशिया व पूर्व आफ्रिका असा दुहेरी आहे.

केनिया आणि टांझानियाच्या किनाऱ्यावरील स्वाहिली नगरांविषयी २०२३ साली मोठा अभ्यास झाला. किल्वा येथील जुन्या बखरीत आपले पूर्वज इराणमधील शिराझहून आले, असे सांगितले आहे. वसाहतकालीन अभ्यासकांनी त्यावरून या नगरांचे सारे श्रेय परकीयांना दिले होते, तर नंतरच्या अनेकांनी ती परंपराच दंतकथा म्हणून बाजूला सारली. मध्ययुगीन आणि त्यानंतरच्या काळातील ८० व्यक्तींच्या डीएनएने दोन्ही टोके नाकारली. इसवी सन १००० च्या सुमारास मिश्रण सुरू झाले होते. त्यात पुरुष बहुतांशी इराणी आणि स्त्रिया बहुतांशी आफ्रिकी होत्या, शिवाय भारतीय वारशाचाही लहान अंश होता. भाषा मात्र आयांची, म्हणजे बांटू कुळातील स्वाहिलीच टिकली.

महाराष्ट्रातील सिद्दी समाजाविषयी जनुकशास्त्र काय सांगते?

मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जात दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६२६ साली तो मरण पावला. मुरूडजवळच्या जंजिऱ्याचे सिद्दी तर मराठ्यांच्या इतिहासात पानोपानी भेटतात. इथिओपियाच्या 'हबश' या अरबी नावावरून आपल्याकडे अशा सर्वांनाच 'हबशी' म्हटले गेले.

तथापि, गुजरात आणि कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या २०११ सालच्या अभ्यासात त्यांचा आफ्रिकी वारसा मुख्यतः बांटू भाषकांशी जुळला. म्हणजे 'हबशी' या एका शब्दाखाली इथिओपियाहून आलेले सरदार-सैनिक आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, पोर्तुगीज व अरब व्यापाऱ्यांमार्फत, पुष्कळ नंतरपर्यंत आणलेली माणसे यांचे वेगवेगळे इतिहास एकत्र झाकले गेले. या समाजातील बहुतांश मिश्रण गेल्या २०० वर्षांच्या आसपासचे असल्याचेही त्या अभ्यासात दिसले.

सिकलसेल हा आजार महाराष्ट्रात आफ्रिकेतून आला का?

असे मानण्यास ठोस आधार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता तांबड्या पेशी एरवी गोल तबकडीसारख्या दिसतात. या आजारात प्राणवायू कमी पडताच त्या ताठर होऊन विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून तीव्र वेदना निर्माण करतात. आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा आजार होतो. एकाकडूनच आले तर व्यक्ती केवळ वाहक असते आणि तिला हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवले. म्हणूनच हे जनुक हिवतापाच्या प्रदेशांत टिकून राहिले.

आफ्रिकेत या जनुकाच्या आसपासच्या डीएनएचे सेनेगल, बेनिन, कॅमेरून आणि बांटू असे प्रकार ओळखले जातात. नंदुरबार किंवा गडचिरोलीतील आदिवासी समाजांत आढळणारा प्रकार 'अरब-भारतीय' या नावाने ओळखला जातो आणि तो या चारही प्रकारांहून वेगळा आहे. त्यामुळे त्याचा सिद्दी समाजाशी किंवा गुलामांच्या व्यापाराशी संबंध जोडणे चुकीचे ठरते. वाहक असलेल्या दोन व्यक्तींचे लग्न झाल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. यासाठी लग्नाआधीची रक्ततपासणी हाच महत्त्वाचा उपाय आहे, मग जनुकाचा उगम कोठलाही असो.

या अभ्यासाचा वैद्यकाला काही उपयोग झाला आहे का?

झाला आहे, आणि त्याचे फायदे जगभर पोहोचले आहेत. पीसीएसके-९ हे जनुक निकामी करणारे बदल सुमारे २ टक्के आफ्रिकी-अमेरिकी लोकांत आढळतात, असे डॅलसमधील संशोधकांना २००५ साली दिसले. अशा व्यक्तींच्या रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांनी आणि हृदयविकाराचे प्रमाण तब्बल ८८ टक्क्यांनी कमी असल्याचे पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. त्या शोधावर बेतलेली औषधे २०१५ पासून मिळू लागली. एपीओएल-१ या जनुकाची दोन आफ्रिकी रूपे निद्रारोगाच्या परजीवीशी लढायला मदत करतात, परंतु दोन्ही प्रती तशा असल्यास मूत्रपिंडाचा विकार होण्याची शक्यता वाढते.

असे असूनही जनुके आणि आजार यांच्या संबंधावरील जागतिक अभ्यासांत २०१८ पर्यंत सुमारे ७८ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे होते आणि आफ्रिकी केवळ २ टक्के. जेथे सर्वाधिक वैविध्य आहे, तेथेच सर्वांत कमी पाहिले गेले आहे, आणि हा केवळ शास्त्रीय दोष नसून अन्याय आहे, असे मला वाटते.

घरबसल्या करता येणाऱ्या वंश-चाचण्यांत 'इतके टक्के नायजेरिया' असे येते. ते कितपत खरे असते?

तो आकडा म्हणजे त्या कंपनीकडे असलेल्या नमुन्यांशी तुमच्या नमुन्याचे साम्य आहे. नायजेरियाच्या सीमा वसाहतकाळात आखल्या गेल्या आणि त्या एका देशात ५०० च्या आसपास भाषा बोलल्या जातात. ज्या समाजाचे नमुने कंपनीजवळ नाहीत, त्याचे नाव निकालात येणे शक्यच नसते.

हे संशोधन करताना स्थानिक लोकांची संमती घेतली जाते का?

पूर्वी ती नावापुरतीच घेतली जाई. सान समाजातून तर इतक्यांदा रक्त, लाळ आणि कहाण्या नेल्या गेल्या की, त्यांच्या नेत्यांनी २०१७ साली संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आफ्रिकेतील मूळनिवासी समाजाने अशी संहिता करण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि ठरलेली प्रक्रिया, अशी पाच तत्त्वे तिच्यात आहेत. व्यक्तीच्या सहीबरोबर समाजाच्या प्रतिनिधींची संमतीही घ्यावी, निष्कर्ष छापण्याआधी समाजाला दाखवावेत आणि लाभात वाटा द्यावा, अशा तिच्या अपेक्षा आहेत. त्यांचे नेते आंद्रीस स्टीनकँप संशोधकांना सांगत असत की, खिडकीतून नव्हे, दारातून या.

दुसरा बदल प्रयोगशाळांत घडला आहे. २०१० साली सुरू झालेल्या 'एच-३-आफ्रिका' उपक्रमामुळे आफ्रिकेतील शास्त्रज्ञांना स्वतःच्या देशांत नमुने साठवणे आणि वाचणे शक्य झाले. या उपक्रमातून २०२० साली ५० भाषिक-सांस्कृतिक समूहांतील ४२६ व्यक्तींचे जीनोम प्रसिद्ध झाले आणि त्यांत तोवर कोठेही नोंद नसलेले ३० लाखांहून अधिक जनुकीय फरक सापडले. खंडातील सुमारे २,००० भाषांपैकी बहुतेक भाषा बोलणाऱ्यांचा एकही जीनोम त्या संग्रहात नव्हता.